तिकीट, टॅली आणि सातबारा

कर्जत लोकलने वांगणी सोडलं की ठाणे जिल्हा मागे पडतो आणि रायगडातलं पहिलं स्टेशन येतं, शेलू. पुढचं नेरळ माथेरानच्या छोट्या गाडीमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. शेलूच्या वाट्याला तसलं काही आलं नाही. भातखाचरं, थोडी वस्ती आणि लोकल थांबते तो फलाट, एवढीच त्याची ओळख बराच काळ होती. मुंबई-ठाण्यात घर परवडेनासं झालेली माणसं डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर करत करत इथवर सरकली, तशी बांधाला लागून इमारतींची कामं निघाली. आता पावसाळ्यात एकीकडे आवणी चाललेली असते आणि दुसरीकडे सॅम्पल फ्लॅट बघायला आलेलं कुटुंब चिखल चुकवत उभं असतं.

संगणकाच्या पुस्तकात ‘ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर’ नावाचा एक धडा असतो. एमएस-सीआयटीचा वर्ग केलेल्या प्रत्येकाने तो वाचलेला आहे. वर्ड प्रोसेसर, स्प्रेडशीट, डेटाबेस, प्रेझेंटेशन अशी यादी पाठ होते आणि परीक्षा झाली की उडून जाते. हा विषय यादीने शिकवूच नये, असं माझं मत आहे. शेलूत उतरणारा, शेलूत शेती करणारा आणि शेलूत घर घेऊ पाहणारा दिवसभरात कुठली कामं कशावर करतो, ते पाहिलं तर धडा आपोआप समजतो. शिवाय पुस्तकात सहसा नसलेली एक गोष्टही कळते: प्रत्येक ॲपच्या आत त्या कामाचे नियम लिहून ठेवलेले असतात, आणि ते कोणीतरी माणसानेच ठरवलेले असतात.

व्याख्या एका वाक्यात सांगता येते. माणसाचं एखादं काम उरकण्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर. यंत्र स्वतः चालू राहावं, त्याच्या भागांनी एकमेकांशी जमवून घ्यावं, यासाठी जे आत सतत चालतं ते सिस्टिम सॉफ्टवेअर. अँड्रॉइड, विंडोज, आयओएस ही या दुसऱ्या जातीतली. शेलूत उभ्या राहणाऱ्या गृहसंकुलाचंच उदाहरण घ्या. पाण्याची टाकी, लिफ्ट, जिन्यातला दिवा, गेटवरचा वॉचमन हे सोसायटीचं. कुठल्या घरात काय शिजतं, याच्याशी सोसायटीला कर्तव्य नसतं. अँड्रॉइड ही सोसायटी आणि प्रत्येक ॲप हे एकेक बिऱ्हाड.

हे खरोखर तसंच बांधलेलं आहे. अँड्रॉइड फोनमध्ये ॲप टाकलं की त्याला स्वतंत्र ओळख क्रमांक आणि स्वतःपुरती साठवणीची जागा मिळते. तिकिटाच्या ॲपला बँकेच्या ॲपच्या जागेत डोकावता येत नाही. कॅमेरा, संपर्क, लोकेशन, एसएमएस यांतलं काही हवं असेल तर सिस्टिमकडे मागावं लागतं आणि सिस्टिम तुम्हाला विचारते. तो ‘अलाउ’ आणि ‘डोन्ट अलाउ’चा चौकोन आपण न वाचता दाबतो, पण फोनमधला सगळ्यात महत्त्वाचा दरवाजा तोच आहे. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

सॉफ्टवेअर ही वेगळी विकत घ्यायची वस्तू आहे, हे जगाला बऱ्याच उशिरा सुचलं. मोठाले संगणक विकणारी आयबीएम कंपनी यंत्राबरोबर प्रोग्रॅमही देऊन टाकायची. १९६९ मध्ये तिने दोन्हींचे दर वेगळे करायचं जाहीर केलं आणि सॉफ्टवेअरचा स्वतंत्र धंदा फोफावायला वाट मोकळी झाली. घरगुती संगणकाला मात्र खरं गिऱ्हाईक मिळवून दिलं १९७९ च्या व्हिजिकॅल्कने. डॅन ब्रिकलिन हा हार्वर्डला व्यवस्थापन शिकत होता. हिशेबाच्या तक्त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागत. हे काम यंत्राने आपसूक करावं, ही त्याची कल्पना. बॉब फ्रँक्स्टन याने प्रोग्रॅम लिहिला, तो ॲपल-टू संगणकावर चालायचा, आणि त्या एका प्रोग्रॅमसाठी लोक संगणक विकत घेऊ लागले. आजचं एक्सेल त्याच वंशातलं.

एक्सेल शेलूत बघायचं असेल तर बिल्डरच्या विक्री कार्यालयात बसावं. समोरचा मुलगा ज्याला ‘कॉस्ट शीट’ म्हणतो, ती दुसरं काही नसून स्प्रेडशीट आहे. एका चौकटीत फ्लॅटचं क्षेत्रफळ, दुसरीत दर, तिसरीत वरच्या मजल्याचे जादा पैसे, मग पार्किंग. त्याखाली मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि जीएसटी. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, पण तीस हजारांच्या वर नाही, हा नियम एका सूत्रात बसवलेला असतो. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी साधारण पाच टक्के. पण घर ४५ लाखांच्या आतलं आणि ठरावीक क्षेत्रफळाच्या मर्यादेतलं असेल तर एक टक्का. ही अटही सूत्रातच. तुम्ही घासाघीस करून दर पन्नास रुपयांनी खाली आणलात की मुलगा एकच आकडा बदलतो आणि तळाची बेरीज क्षणात हलते. ब्रिकलिनच्या तक्त्यात जे हाताने पुसावं लागत होतं ते इथे न पुसता होतं. गिऱ्हाइकाने इथे करण्यासारखं काम एकच: छापील कागदावर समाधान न मानता कुठल्या चौकटीत काय सूत्र आहे ते दाखवायला सांगावं. ‘इतर आकार’ नावाची चौकट बहुधा सूत्राशिवाय, हाताने भरलेली सापडते.

त्याच इमारतीचे नकाशे ऑटोकॅडवर काढलेले असतात. १९८२ पासून चालत आलेलं हे सॉफ्टवेअर वास्तुविशारद आणि अभियंत्यांच्या कामाबाहेर सहसा कोणाला वापरावं लागत नाही. आणि हिशेब टॅलीत. टॅलीची जन्मकथा आपल्याकडची आहे. बंगळूरच्या श्यामसुंदर गोएंकांना आपल्या व्यवसायाची खाती सांभाळायला धड सॉफ्टवेअर मिळेना. त्यांचा मुलगा भरत याने ते लिहून दिलं, आणि त्यातून १९८६ मध्ये कंपनी उभी राहिली. तेव्हाच्या हिशेबी प्रोग्रॅममध्ये प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक द्यावा लागे आणि ते क्रमांक मुनीमजींनी पाठ करायचे असत. टॅलीने खात्याला नावच ठेवू दिलं. सिमेंटवाल्याचं खातं सिमेंटवाल्याच्याच नावाने. वही लिहिणारा माणूस जसा विचार करतो तसा प्रोग्रॅम चालू लागला, म्हणून तो गल्लोगल्ली पोचला. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा छोट्या दुकानदारांनी ‘जीएसटी शिकायचाय’ असं न म्हणता ‘टॅली शिकायचंय’ म्हणत वर्ग गाठले. कायदा आणि सॉफ्टवेअर लोकांच्या लेखी एकच झाले होते.

वापरणाऱ्याच्या डोक्याने लिहिलेलं दुसरं ठळक उदाहरण लोकलच्या डब्यातलं. एम-इंडिकेटर सचिन टेके यांनी बनवलं, तेही स्मार्टफोन सर्रास होण्याआधी, बटणांच्या जावा फोनवर चालेल असं. त्याची हुशारी साधी आहे: वेळापत्रक फोनमध्येच साठवून ठेवायचं. इंटरनेट नसलं तरी पुढची कर्जत किती वाजता, ती शेलूला थांबते की नाही, डबे किती, हे कळतं. मुंबईत दर चार मिनिटांनी गाडी मिळणाऱ्याला हे फार वाटणार नाही. बदलापूरच्या पुढे गाड्या विरळ होतात आणि एक चुकली की फलाटावरचा वेळ चांगलाच लांबतो, तिथे वेळापत्रक खिशात असणं मोलाचं. आपली गाडी नेमकी कुठे पोचली ते सांगणारं ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲपही असंच. बंगळूरच्या छोट्या चमूने ते केलं, २०१८ मध्ये गूगलने विकत घेतलं. जीपीएस आणि इंटरनेट दोन्ही नसताना ते आसपासच्या मोबाइल टॉवरच्या खुणांवरून गाडीची जागा ताडतं. घाटात आणि बोगद्यांच्या अध्येमध्ये प्रवास करणाऱ्यांची अडचण ज्याला माहीत आहे, त्यालाच हे सुचणार.

आता तिकीट. रेल्वेची संगणकाची कामं बघणारी क्रिस ही संस्था १९८६ पासून आहे. तिचं यूटीएस ॲप मुंबईच्या लोकलसाठी २०१४ च्या अखेरीस आलं. सुरुवातीला गंमत अशी होती की तिकीट फोनवर काढायचं आणि स्टेशनातल्या मशिनवर छापून घ्यायचं, म्हणजे एक रांग टळून दुसरी लागायची. कागदाशिवायची सोय २०१५ मध्ये झाली. या ॲपच्या आतला सगळ्यात रोचक नियम म्हणजे स्टेशनाच्या आवारात, रुळांजवळ उभं राहून तिकीट निघत नाही. फोनचं जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतं आणि ॲप नकार देतं. कारण उघड आहे: तशी मुभा असती तर लोक गाडीत बसून टीसी दिसल्यावरच तिकीट काढते. म्हणजे टीसी आणि प्रवासी यांच्यातला जुना उंदरामांजराचा खेळ प्रोग्रॅममध्ये उतरला आहे. पण जीपीएस काही मीटरने इकडेतिकडे होतं. छोट्या स्टेशनावर रस्ता आणि रूळ जवळजवळ असतात, त्यामुळे प्रामाणिक माणूसही कधी मागे चालत जाऊन पुन्हा प्रयत्न करताना दिसतो. त्यावर उतारा म्हणून स्टेशनात क्यूआर कोड लावले गेले. तो स्कॅन केला की आत उभं राहूनही तिकीट मिळू लागलं. १ जुलै २०२५ ला क्रिसनेच रेलवन हे नवं ॲप आणलं. त्यात लोकलचं तिकीट, लांबच्या गाडीचं आरक्षण, तक्रार, जेवण असं सगळं एका छपराखाली आहे. तिकिटाचं घर बदललं.

स्टेशनाबाहेर वडापाव खाल्ला की क्यूआर कोड पुन्हा भेटतो, या वेळी पैशाचा. गाडीवर चिकटवलेला कागद एका कंपनीचा असतो, तुमच्या फोनमधलं ॲप दुसऱ्याच कंपनीचं, तरी पैसे पोचतात. बऱ्याच लोकांना वाटतं की पैसे ॲपमधून जातात. ॲप ही फक्त खिडकी आहे. मागचा सगळा व्यवहार यूपीआय नावाच्या यंत्रणेवर चालतो. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये सुरू केली. तुम्ही पिन टाकता, निरोप तुमच्या ॲपच्या बँकेतून या मधल्या यंत्रणेकडे जातो, तिथून तुमच्या खात्याच्या बँकेला ‘इतके कमी कर’ आणि वडापाववाल्याच्या बँकेला ‘इतके जमा कर’ असं सांगितलं जातं, आणि त्याच्या गाडीवरच्या स्पीकरच्या डब्यातून बाई बोलते. नियम सगळ्यांसाठी एक असल्यामुळे खिडक्या कितीही निघू शकल्या. यातूनच निघणारी एक गोष्ट पाठ असावी: पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकायला सांगणारा प्रत्येक जण चोर आहे, मग तो फोनवर कितीही अदबीने बोलो.

झेरॉक्सच्या दुकानात वेगळंच जग आहे. तिथे अर्ज, करारनामे, लग्नपत्रिका टाइप होतात. मराठी टायपिंगची आपली कथा लांब आणि थोडी दुःखाची आहे. पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीचं श्री-लिपी, यांनी संगणकावर देवनागरी आणली, वर्तमानपत्रं आणि पुस्तकं त्यांवर निघाली. पण जुन्या पद्धतीत अक्षर साठवण्याची रीत त्या त्या फॉन्टची खासगी असायची. दुकानातल्या संगणकावर सुबक दिसणारा अर्ज पेनड्राइव्हवर घालून कचेरीतल्या संगणकावर उघडला की सगळा कचरा: ‘महाराष्ट्र’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. युनिकोडने जगातल्या लिप्यांना एकच सामाईक क्रमांकयोजना दिली, आणि देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरी मधली कित्येक वर्षं आपण खासगी फॉन्टमध्येच लिहीत राहिलो. त्या काळातली कित्येक पुस्तकं आणि स्मरणिकांच्या फाइल आज उघडल्या तर वाचता येत नाहीत. माहितीची मांडणी एकाच सॉफ्टवेअरला बांधून घेतली की काय होतं, याचा मराठीइतका कडू अनुभव फार थोड्या भाषांना असेल.

शेताकडे वळू. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. सातवर जमिनीची मालकी, बारावर पीक. बाराची नोंद, म्हणजे पीकपाहणी, तलाठी करायचा. निदान त्याने करावी अशी अपेक्षा असायची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ते काम शेतकऱ्याच्या फोनवर आलं. महसूल विभागाने टाटा ट्रस्टच्या मदतीने हे ॲप तयार केलं. शेतकरी आपला गट निवडतो, पीक आणि क्षेत्र भरतो, आणि शेतात उभा राहून फोटो काढतो. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात, म्हणून घरी बसून नोंद करता येत नाही. कल्पना चांगलीच आहे. पीक विमा, नुकसानभरपाई, धान्यखरेदी या सगळ्याला बाराची नोंद लागते, आणि ‘तलाठ्याने भरलीच नाही’ हे जुनं गाऱ्हाणं त्याने कमी होतं. पण नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा मोठमोठ्या सलग शेताचा विदर्भ-मराठवाडा असावा. कोकणातली खाचरं चिंचोळी. एका गटात भाऊबंदांचे हिस्से, त्यातला एक मुंबईला आणि एक उल्हासनगरला. कातकरी-ठाकूर वाड्यांत फोन असला तरी तो पोराच्या हातात, आणि पोरगं कामावर. ॲपमध्ये नोंद साठवून रेंज आल्यावर पाठवायची सोय आहे, हे मात्र ज्याने ठेवलं त्याला माणसाचं शेत माहीत होतं.

अंगणवाडीत काय झालं ते सांगण्यासारखं आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारचं पोषण ट्रॅकर ॲप आलं. सेविकेने मुलाचं वय, वजन, उंची भरायची. मूल कुपोषित आहे का, हे ॲप जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याशी ताडून सांगतं. रजिस्टरात बोट ठेवून आलेख बघण्यापेक्षा हे सोपं आणि चुका कमी करणारं. पण सुरुवातीला ते इंग्रजीत होतं आणि सरकारने दिलेले फोन अपुऱ्या ताकदीचे. महाराष्ट्रातल्या सेविकांनी त्याच वर्षी सरकारी फोन परत करण्याचं आंदोलन केलं आणि मराठीची मागणी लावून धरली. त्यांच्या विरोधाला ‘बायकांना तंत्रज्ञान जमत नाही’ असं हिणवणारे निघालेच. त्याच बायका व्हॉट्सॲपवर गट चालवतात, यूपीआयने बचतगटाचे हप्ते भरतात. काम त्यांचं, ते रोज करणाऱ्या त्या, आणि प्रोग्रॅम लिहिताना त्यांना विचारलं गेलं नव्हतं, एवढंच त्या म्हणत होत्या.

शेलूच्या नावाशी जोडलेलं आणखी एक ॲप आहे आणि ते थेट १९८२ पर्यंत मागे जातं. त्या वर्षीच्या १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यातून उद्ध्वस्त झालेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरं देण्याचं घोंगडं अजून भिजत पडलं आहे. सुमारे दीड लाख अर्जदारांची पात्रता तपासण्यासाठी म्हाडाने २०२३ मध्ये मोहीम काढली आणि कागदपत्रं भरायला एक ॲपही दिलं. पुढे २०२४ मध्ये सरकारने शेलू आणि वांगणी इथे गिरणी कामगारांसाठी घरांची योजना आणली. आम्हाला घर मुंबईतच हवं म्हणून कामगार संघटना विरोधात उभ्या राहिल्या. तो वाद इथला विषय नाही. ॲपमध्ये काय भरायचं होतं ते बघा: गिरणीतला तिकीट नंबर, गिरणीचा लाल पास, हजेरीपत्रक, पगारपावती, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, ईएसआयचा क्रमांक. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या खात्यातला हा कागद. तो सातारा, सिंधुदुर्ग, कोल्हापूरच्या घरातल्या ट्रंकेत कुठेतरी असेल तर असेल. त्याचा फोटो नातवाने काढायचा आणि चढवायचा. सॉफ्टवेअरच्या धड्यात याला ‘एका कामासाठी खास बनवून घेतलेलं’ असं म्हणतात. दुकानात मिळत नाही, दुसऱ्या कोणाला उपयोगाचं नाही, आणि काम संपलं की तेही संपणार. सरकारी कामातली बरीच ॲप या जातीची असतात. टॅली किंवा एक्सेल शिवलेला सदरा विकत घेतल्यासारखी, सगळ्यांना थोडीफार बसणारी; ही मात्र मापाची.

सगळ्या कामांना ॲप फोनमध्ये टाकावंच लागतं असंही नाही. बरंच सॉफ्टवेअर दूरच्या संगणकावर चालतं आणि आपण ब्राउझरमधून ते वापरतो. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून असाच संकेतस्थळावरून मिळतो, नाममात्र फी भरून, आणि तो कायदेशीर कामाला चालतो. फुकट दिसणारा साधा उतारा फक्त बघण्यापुरता. घर घेणाऱ्यासाठी गृहप्रकल्पांचं नियमन करणाऱ्या महारेराचं संकेतस्थळ आहे, ते मे २०१७ मध्ये रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला तेव्हापासूनचं. १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे. शेलूच्या रस्त्यावरचे मोठाले फलक बघा. कोपऱ्यात बऱ्याचदा पी५२००० ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक असतो. ‘पी’ म्हणजे प्रकल्प आणि ५२००० हा रायगडचा आकडा. कोड स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं: ताबा कधी द्यायचं कबूल केलंय, मंजुरी किती मजल्यांची, घरं किती विकली गेली, जागेवर कर्ज किंवा दावा आहे का. विक्री कार्यालयातला मुलगा ‘पुढच्या दिवाळीत ताबा’ म्हणतो आणि पानावर दोन वर्षं पुढची तारीख असते, असं सापडलं तर कोणावर विश्वास ठेवायचा हे सांगायला नको. कुठल्याही फुकटच्या ‘घर शोधा’ ॲपपेक्षा हे रूक्ष सरकारी पान जास्त कामाचं आहे.

फुकट म्हणजे काय, हेही एकदा नीट पाहावं. लिबरऑफिससारखं सॉफ्टवेअर खरोखर मुक्त आहे. त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता आणि बदलता येते, आणि झेरॉक्सवाल्याने चोरीचं वर्ड वापरण्याऐवजी ते टाकलं तर अर्ज-पत्रांत काही अडत नाही. दुसरं फुकट म्हणजे जाहिरातीवर चालणारं. तिसरं तुमची माहिती विकून चालणारं. आणि चौथं शुद्ध सापळा. सध्या व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका, वाहनाचा दंड, वीजबिलाची थकबाकी, किसान योजनेचा हप्ता अशा नावांनी एपीके फाइल येतात. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अख्खं ॲप. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. ती कधी ॲप नसते. असलं ॲप टाकलं की ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं, आपण सवयीने ‘अलाउ’ दाबतो, आणि बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराला दिसतो. सोसायटीच्या वॉचमनने विचारलं होतं, आत सोडू का. आपणच हो म्हटलेलं असतं. चुकून टाकलं गेलंच तर आधी फोनचं नेट बंद करून बँकेला कळवावं आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा; वेळ जितका कमी गेला असेल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

यूटीएसनंतर रेलवन आलं, जावा फोनची जागा स्मार्टफोनने घेतली, श्री-लिपीतल्या फाइल युनिकोडपुढे मुक्या झाल्या. सॉफ्टवेअरचं आयुष्य आपल्या कामापेक्षा कमी असतं, आणि जमिनीचा, घराचा, नोकरीचा कागद तर दोन पिढ्या लागतो. म्हणून कुठल्याही नव्या ॲपमध्ये वर्षभराचा हिशेब किंवा घरच्या नोंदी ठेवायला घेण्याआधी त्यातून माहिती बाहेर काढण्याची सोय आहे का, ते बघा. एक्सेलमध्ये आणि टॅलीत ती आहे, व्हॉट्सॲपमध्येही ‘एक्स्पोर्ट चॅट’ नावाने आहे. सातबारा, घराचा करारनामा, पगारपावत्या पीडीएफ करून फोनबाहेर एका ठिकाणी आणि छापून दुसऱ्या ठिकाणी ठेवा. आणि घरात कोणाचा गिरणीतला लाल पास असेल, तर तो आजच शोधा.